नायलॉनचं जाळं अजून कोरडंच

...आणि वर शेठ तारेत मलाच विचारत होते, 'ऑर्डर कुठे आहे?' अहो शेठ, ऑर्डर काय मी खिशात घालून फिरतोय? तुम्हाला सांगतो मंडळी, चूक माझी असती तर मी मान खाली घातली असती, पण इथे ती सोय नाही, कारण मान खाली घातली की समोर ताट दिसतं, आणि ताट दिसलं की कोळीवाड्यातली नीराबाई म्हणते, "आदी जेवा, मंग बोला."

झालं काय, एकोणसाठ साल उजाडलं, सुताची जाळी कुजतात, आता नायलॉन विकायचं असं आमच्या मुंबईच्या कापडिया शेठनी ठरवलं आणि थेट जपानहून, ओसाकाहून, हायाशी साहेबांना बोलावून घेतलं. साहेबांनी नमुन्याचं जाळं पाण्यात टाकून दाखवायचं, ऑर्डर घ्यायची आणि परत जायचं. सोबत दुभाषा म्हणून मी, दत्तात्रेय. निघताना शेठ म्हणाले, "बघ दत्तात्रेय, ऑर्डर आणली तर नोकरी कायम, नाय आणली तर मुंबईत तोंड दाखवू नको." आता श्रावणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, कोळी घरी, जाळी दुरुस्तीला काढलेली, विकायला याहून चांगला मुहूर्त कुठला? असं शेठना वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

रेवदंड्याला एसटीतून उतरतोय, तर समोर हरेश्वर तांडेल, कोळीवाड्यातल्या मोठ्या होडीचा मालक, न्यायला आलेला. साहेब त्यांच्या रीतीने कमरेत वाकले. हरेश्वरला वाटलं पाया पडतायत, तो दचकून त्यांच्याहून खाली वाकला, म्हणून साहेब आणखी वाकले, म्हणून हा आणखी... कंडक्टर घंटी मारून मारून थकला, कारण दोघेही बसच्या दारातच!

घरी गेलो, मी पिशवीतून जाळं काढलं, घसा साफ केला, "हे नायलॉन..." तोच हरेश्वरची आई, म्हणजे नीराबाई, ताट घेऊन पुढे. "आदी जेवा, मंग बोला." सुक्या बोंबलांचं कालवण, खाडीतल्या चिंबोऱ्या, तांदळाची भाकरी. साहेबांनी चिंबोरीची नांगी अशी काय सफाईने फोडली की म्हातारी म्हणाली, "ह्यो तं आपलाच मानूस हाय."

हात धुतले, मग विषय. हरेश्वरने जाळं ताणून पाहिलं, त्याच्या बायकोने, केसरने, लगेच जाळ्याला हळदकुंकू लावलं. हरेश्वर म्हणाला, "झ्याक हाय. पन दर्याला नारल दिल्याबिगर नवं जालं पान्यात न्हाय जायाचं." म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत! मी म्हटलं, अहो, खाडीत बुडवा, विहिरीत बुडवा, बादलीत तरी... छे. बरं, मग न भिजवताच ऑर्डर देता का? तर हा लगेच तयार. "आमच्या घरात जेवला, त्याच्या मालाची काय परीक्षा घ्यायची? लिवा." मी कागद काढला, पेनाचं टोपण काढलं... आणि साहेब म्हणाले, नाही. ज्यांच्या घरी जेवलो, त्यांना पाण्यात दाखवल्याशिवाय माल विकणार नाही.

आता बोला! हा भिजवत नाही, तो भिजवल्याशिवाय विकत नाही, दोघेही एकमेकांच्या प्रेमापोटी, आणि मधल्यामध्ये माझी नोकरी बुडतेय, ती मात्र कुठल्याही नारळाशिवाय.

मग काय, पौर्णिमेपर्यंत मुक्काम. हरेश्वरकडे जेवलात, मग शेजारच्या कान्हाकडे का नाही? कान्हाकडे जेवलात, मग आवडाबाईचं काय घोडं मारलंय? रोज नवं घर. साहेब ओटीवर बसून बायकांबरोबर फाटकी जाळी सांधतात आणि माझ्या कोटाची बटणं लागत नाहीत. पण खरं सांगू का? बरं वाटतं हो. गिरगावात खोलीवर मी खानावळीचा डबा एकट्याने खातो, अजून घे म्हणणारं कोणी नाही. इथे पोट भरलं म्हटलं की म्हातारी रागावते.

पण शेठ! तारेवर तार. मी उत्तर धाडलं, 'जेवत आहोत.' काय चुकलं? जे होतं तेच कळवलं. तर काल स्वतः शेठ हजर, घामाघूम, छत्री उलटी झालेली, आणि अंगणातूनच ओरडले, "दत्तात्रेय, आजपासून तू..."

"आदी जेवा, मंग बोला."

शेठ शाकाहारी, हे मी कधीतरी बोललो होतो. म्हातारीने मागच्या वाडीतल्या भटजींच्या घरून भांडी मागवली, तिथल्याच बाईंकडून अळूचं फदफदं, केळफुलाची भाजी आणि नारळाच्या रसातल्या शेवया करून घेतल्या आणि स्वतः लांब बसून प्रत्येक वाढपावर लक्ष ठेवलं. शेठनी घास गिळून तोंड उघडलं, "आजपासून तू..." की शेवया आल्याच. रात्री वाक्य अर्धंच ठेवून झोपले. आज सकाळी पुन्हा सुरुवात केली, तर दारात कान्हा. "शेठ, आज आमच्यात यायाचं." उद्याचं आवडाबाईने सांगून ठेवलंय.

तेव्हा मला नोकरीवरून काढलंय हे नक्की, फक्त सांगायचं राहिलंय. आत्ताच कोळीवाड्यात एक चक्कर मारून आलो. बरीच घरं आहेत हो. पौर्णिमेपर्यंत पुरतील.