बेचाळीस नंबरचा पो

हॅलो?

… हो, आर्डिसच. माझ्या घरचा फोन दुसरं कोण उचलणार? बोल ट्वायला… नाही गं, काम कसलं, बटाटे सोलतेय. उद्या चर्चच्या तळघरात जेवण आहे ना.

… बुधवारी? बुधवारी काय?

… अच्छा, व्हॅन. नाही येणार व्हॅन.

… अगं नाही म्हणजे नाही. तुझ्या आईला नाही, पलीकडच्या ऑर्विलला नाही, कुणालाच नाही. व्हॅन शेडमध्ये उभी आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि पेट्रोलला पैसा नाही. राज्य सरकारनं लायसन तूर्त काढून घेतलं, व्हॅन चालवणाऱ्या आपल्या मंडळाचं.

… कसलं म्हणजे? शेणाच्या सोडतीचं. व्हॅन काय वाऱ्यावर चालते असं वाटत होतं तुला? पेट्रोल, टायर, विमा… वर्षभराचं सगळं त्या एका दुपारच्या शेणातून निघतं.

… हो, हो… डायलिसिस चुकवता येत नाही, ठाऊक आहे मला. इतकी वर्षं तिला नेतंय कोण? मीच ना?

… काल आला होता ना त्यांचा माणूस. प्रुएट. वयानं माझ्या फ्रीझरपेक्षा लहान असेल. पायात नवे कोरे बूट आणि उभा कुठं, तर डेलमारच्या कुरणात. मी म्हटलं, बाबा रे, सोपं आहे. कुरणात चुन्यानं चौकोन आखायचे, एकेक चौकोन विकायचा, मग डेलमारची गाय सोडायची. ज्याच्या चौकोनात गाय शेणाचा पो टाकेल त्याला बक्षीस. उरलेला पैसा व्हॅनला. यात न समजण्यासारखं काय आहे, सांग.

… अगं ऐक तर. मला विचारतो, सोडतीच्या दिवशी गाईवर कुणी दबाव आणला होता का? मी म्हटलं, साहेब, दबाव तिला आतूनच आला होता… हसू नकोस, त्यानं लिहून घेतलं ते. मग गाईला काय खायला घातलं, कुणी घातलं, रोजच्याच वेळेला घातलं का… डेलमार बिचारा टोपी हातात धरून उत्तरं देतोय. सत्तरीचा माणूस गं. आणि गाय बघतेय आमच्याकडं. चौघांत तीच शहाणी दिसत होती.

… नियम? कुणाला सांगतेस नियम? हेच सरकार स्वतः लॉटरी काढतं. पेट्रोलपंपावर बघ, किराणा दुकानात बघ, म्हातारी माणसं पेन्शन खरवडून टाकतात त्यात. ते चालतं. ते राज्याचं भलं. आमची गाय तेवढी जुगारी.

… थांब, गॅस बारीक करते.

… हां, बोल… कशावरून म्हणजे? यंदाच्या भांडणावरून. पो रेषेवर पडला ना. थोडा एक्केचाळिसात, बराचसा बेचाळिसात. डेलमार काठी घेऊन गेला, वाकला, बघितलं, म्हणाला बेचाळीस. संपलं. त्याच्या बापाच्या वेळेपासून असंच ठरतं. ज्याच्या घरी गाय, त्याचा शब्द. आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

… हो गं, तुझा एक्केचाळीस होता. माहितीये मला. बक्षिसाचं बर्फ काढायचं मशीन हातातोंडाशी येऊन गेलं तुझं. किती वेळा सांगशील?… बेचाळीस लेलंडचा, त्याला मिळालं, मग मिळू दे की. तो म्हणालाय, पहिला बर्फ पडला की आपल्या रस्त्यावरच्या सगळ्यांची वाट साफ करून देतो. तुझीपण.

… नाही, आमचं चुकलं ते एकच. पो रेषेवर पडला तर निकाल कुणी द्यायचा, हे तिकिटावर छापलेलं नव्हतं. छापायलाच हवं म्हणे. अगं, जे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे ते छापतं का कुणी? उद्या म्हणतील, सूप चमच्यानं प्यायचं हेही वाडग्यावर लिहा.

… तसं नाही. प्रुएट स्वतःहून कशाला येतोय इकडं, तक्रार गेली म्हणून आला. तक्रार आली की चौकशी. चौकशी संपेपर्यंत सोडत बंद आणि खात्याला कुलूप. त्यातला एक डॉलर काढला तर मीच कोर्टात.

… नाव नाही सांगत तो. गुप्त असतं म्हणे… कोण म्हणजे? गावातलंच कुणीतरी. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचं, माझ्या हातचं खायचं, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं आणि घरी जाऊन सरकारकडं चुगली करायची. थू असल्या माणसावर… तू का खोकतेस? पाणी पी.

… छे, लेलंड कशाला करेल? जिंकलेला माणूस तक्रार करतो का?

… हो, प्रुएटच. स्पेलिंगमध्ये शेवटी दोन टी…

… काय म्हणालीस?

… नाही, त्याच्या आधी. आवाजावरून फार मऊ वाटतो म्हणालीस. फोनवर.

… मी कुठं म्हटलं फोनवर? तो न कळवता आला, थेट कुरणात. डेलमारला फोन नाही केला, मला नाही केला. मग तू कुठं ऐकलास त्याचा आवाज?

… अगं ऐक ना, साधं विचारतेय मी.

… ट्वायला?



… हं.

… हो. हो. फक्त चौकशी केलीस. बरोबर. फक्त विचारलंस, रेषेवर पडला तर कसं असतं म्हणून. आणि नाव, गाव, तारीख, सगळं आपसूक तोंडातून गेलं. तुला काय वाटलं, ते टेप घेऊन येतील, शेण मोजतील आणि मशीन तुझ्या दारात आणून ठेवतील?

… व्हॅनचं डोक्यातच आलं नाही. तुझी आई बसते त्या व्हॅनमध्ये, आणि तुझ्या डोक्यात आलं नाही.

… रडू नकोस. मला रडणं ऐकवत नाही, तुझं तर आज मुळीच नाही.

… मागं घेतेस? कालच विचारलं मी, तक्रार करणाऱ्यानं माघार घेतली तर? म्हणाला, आता ती राज्याची झाली, चौकशी होणारच. वसंतापर्यंत चालेल म्हणे.

… मग ने की तुझ्या ट्रकमधून… पायरी उंच आहे? मला सांगतेस? मीच काखेत हात घालून चढवते तिला. तिला पुढची सीट लागते, पायावर शाल लागते. येताना मळमळतं, तेव्हा कुठं थांबायचं ते ठाऊक आहे तुला?

… नाही ना.

… बरं, आता गप्प बसून ऐक. बुधवारी मी माझी गाडी घेऊन येते. ऑर्विललाही घेईन… नको, पेट्रोलचे पैसे नकोत तुझे. आभारही नकोत. तुझ्यासाठी नाही करत मी हे. ती बाई मला आवडते, म्हणून.

… फक्त एक. गाडीत बसल्या बसल्या ती विचारणार, आर्डिस, आज आपली व्हॅन कुठाय? मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. तेव्हा तिला तुझ्या तोंडून कळू दे, नाहीतर माझ्या तोंडून कळेल.

… नाही, मी नाही सांभाळून घेणार.

… झोपली असेल तर उठव. नाहीतर उद्या सांग. उद्याचा दिवस आहे तुझ्या हातात.

… ठेवते. बटाटे काळे पडले माझे.