बसल्या बसल्या तर होतं

...नाही, पण मला एक सांगा, 'बसल्या बसल्या तर होतं' म्हणजे काय? मी काय तिथे मटार सोलत बसते का? तुम्हाला सांगते, हे दूध काढायचं मशीन एवढंसं असतं, मुठीत मावेल इतकं, पण चालू झालं की घूं-फस्... घूं-फस्... घरात कुणीतरी कायमचं रुसून बसलंय असं वाटतं. ते कप छातीशी धरायचे, पाठ ताठ, मान खाली, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही, कारण जरा हललं की कप सरकतो आणि दूध बाटलीत जायचं सोडून पोटावरून ओघळत खाली. आणि एवढं करून जमतं किती? बाटलीचा तळ झाकेल इतकं. नवऱ्याने ती बाटली उजेडात धरली, तिरकी करून पाहिली आणि म्हणाला, "एवढंच?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही, भाजी वाढतानासुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, कशाला एवढा आटापिटा? तर ऐका. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि मालक, तसा भला माणूस, पण सांगून मोकळा झाला होता, "ताई, आता आलात तर तुमची खुर्ची तुमची. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." आणि मला जायचं होतं हो! काच बदलली की माणसाला एकदम स्पष्ट दिसतं, आणि तो जो चेहरा होतो ना त्याचा, तो बघायची मला चटक लागलीय. म्हणजे सगळा डोलारा कुणावर? आमच्या कन्येवर. घरात तिला राणीसरकार म्हणतात. राणीसरकार बाटलीने प्यायल्या तर मी कामावर, नाही प्यायल्या तर मी घरात.

म्हणून साठा करायला घेतला. थेंबे थेंबे तळे साचे. फ्रीजरमधून बर्फाचे ट्रे हाकलले, तिथे माझ्या छोट्या पिशव्या, आडव्या, एकीवर एक. सासरे निवृत्त हेडमास्तर, अतिशय संकोची माणूस. त्यांच्या तोंडून 'दूध' हा शब्द निघायचा नाही. बर्फ हवा असला तर फ्रीजकडे पाठ करून म्हणायचे, "सूनबाई, तुझं ते... सामान... जरा बाजूला करतेस का?"

आणि एक दिवस मी अंघोळ करून बाहेर येते तर काय, गॅसवर पातेलं आणि सासूबाई डाव घेऊन ढवळतायत. म्हटलं, "आई, काय तापवताय?"

"अगं, तुझं."

माझं! खालच्या कप्प्यात ठेवलेली सकाळची अख्खी बाटली! खदखदा उकळत होतं हो.

"कच्चंच ठेवलं होतंस की! कच्चं दूध घरात कुणी ठेवतं का? नासलं असतं ना."

"अहो आई, ते उकळायचं नसतं, त्यातलं सगळं सत्त्व जातं, बाटली नुसती कोमट पाण्यात ठेवून गारवा मोडायचा असतो..." मी बोलतेय, आणि सासूबाईंनी गॅस बंद केला, पातेल्यावर जाळी ठेवली आणि थोड्या वेळाने जाळी उचलून, चष्मा सावरून आत पाहिलं. म्हणाल्या, "साय काही धरत नाही गं. पातळच आहे तुझं."

मी रडले. खोटं कशाला सांगू, ओट्याला टेकून भोकाड पसरलं. दुधासाठी रडणारी त्या घरात मी दुसरी. मग त्या बिचाऱ्याही कावऱ्याबावऱ्या झाल्या, पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या काय? "रडू नको बाळा, पुन्हा काढ. बसल्या बसल्या तर होतं!"

बरं, राणीसरकारांचं काय? बाटली म्हटलं की ओठ गच्च. नवऱ्याने गाणं म्हणत पाजून पाहिलं, तर बाई आधी रडल्या त्या गाण्यालाच. सासूबाईंनी पाजलं, तर जिभेने ते निपल असं बाहेर ढकललं की काय विचारता. मी दाराआड लपायचे, तरी नाक वर करून माझ्याच दिशेला बघायची. आणि अशातच कामाचा पहिला दिवस उजाडला. गेले. जिन्यात दोनदा परत फिरले, पण गेले.

दुपारी छाती दगड झाली. दुकानात जागा कुठली? डोळे तपासायची अंधारी खोली. आतून कडी लावली, समोर तो अक्षरांचा उजेडातला तक्ता, आणि मी शेवटची ओळ वाचत... घूं-फस्... घूं-फस्. बाहेर एक म्हातारं गिऱ्हाईक मालकांना विचारतंय, "नवीन मशीन आणलं वाटतं? माझेही डोळे त्याच्यावरच तपासा." मालक घसा खाकरून म्हणाले, "आजोबा, ते... तुमच्या नंबरचं नाही." मला हसू फुटलं, कप सरकला, झालं, निम्मं पोटावर! आणि तेवढ्यात फोन. सासूबाई.

"अगं, घेतच नाहीये गं. रडून रडून लालबुंद झालीय. हे म्हणतायत, मी बघतो..."

फोन बंद. मी परत लावतेय, कुणी उचलत नाही. म्हटलं, चुलीत गेली ती नोकरी. मालकांनी चेहरा पाहिला आणि एवढंच म्हणाले, "पळा ताई." पिशवीतली बाटली सांडू नये म्हणून छातीशी उभी धरून मी भर रस्त्यातून धावत सुटले. जिना चढतेय तर रडण्याचा आवाज नाही. तो नाही म्हणून मी जास्तच घाबरले. दार ढकललं...

आरामखुर्चीत सासरे. माझा फुलाफुलांचा गाऊन घालून! खाली त्यांची इस्त्रीची पॅन्ट, वर माझा गाऊन, मांडीवर राणीसरकार गाढ झोपलेल्या, आणि बाजूला रिकामी बाटली.

"सूनबाई," हेडमास्तर वर्गात बोलतात तसे, पण दबक्या आवाजात, "हिला ओळखीचा वास हवा होता. बाकी काही नाही." मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि म्हणाले, "दूध... दूध सगळं प्यायली."

मला इतकं भरून आलं हो. त्यांच्या पाया पडावं की गाऊन मागावा, कळेना. म्हटलं, आधी लेकीला जवळ घ्यावं, छाती नुसती ठणकत होती. घेतलं. तिने एक डोळा उघडला, मला पाहिलं, जांभई दिली आणि तोंड फिरवून त्या गाऊनच्या बाहीत खुपसलं.

"राहू दे तिला," सासरे म्हणाले, "पोट भरलंय तिचं. आणि हा गाऊन आता माझ्याकडेच असू दे. तू उद्याचं काढून ठेव, म्हणजे झालं. बसल्या बसल्या तर होतं."

नोकरी राहिली, गाऊन गेला. मी गुपचूप पिशवीतलं मशीन काढलं, पाठ ताठ केली, मान खाली घातली... आणि बसले.