सिंह पाच डब्यांत

…अहो, सिंहाचं शेपूट सिंहाजवळ नसेल तर कुठे असेल, तुम्हीच सांगा! साधा प्रश्न आहे. पण आमच्या घरात हा प्रश्न विचारायची सोय उरलेली नाही, कारण आमच्याकडे आता सिस्टिम आहे, सिस्टिम!

तुम्हाला सांगतो, आमचा धंदा नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचा. मी आणि बायको, दोघंच, घराच्या मागच्या खोलीत. राजा, प्रधान, परी, अस्वल, म्हातारी, सगळी मंडळी त्या एका खोलीत गुण्यागोविंदानं नांदत होती. आता राजा पलंगाखाली असेल, परीचे पंख पंख्याला टांगलेले असतील, अस्वलाचं मुंडकं दार आपटू नये म्हणून दारात ठेवलेलं असेल… असेल! नाही कोण म्हणतंय? पण मी डोळे मिटून हात घालायचो आणि हवं ते बाहेर काढायचो. पसारा होता, पण सापडत होतं!

मग बिघडलं कुठे? बिघडलं शाळेपाशी. ती शाळा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि तिथल्या नाटकाच्या बाई म्हणजे… बाई नुसत्या कुजबुजल्या तरी शेवटच्या रांगेतला माणूस दचकतो. तर गेल्या खेपेला प्रधानाच्या पिशवीत पगडीऐवजी म्हातारीचा अंबाडा गेला. एवढंसं झालं हो! प्रधान अंबाडा घालून दरबारात आला, राजाला हसू आवरेना, राज्य बुडालं. बाईंचा फोन! "हे बघा, पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरीकडे बघू!" बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी हळूच डोकं चाचपलं, अंबाडा माझ्याच डोक्यावर आहे की काय! म्हणाली, "छकुलीला बोलावते."

छकुली म्हणजे माझी मेहुणी. नावावर जाऊ नका. चाळिशी उलटलेली बाई, आणि लोकांची घरं, दुकानं, कपाटं आवरून देणं हाच तिचा धंदा. दारात उभी राहिली, खोलीवरून एकदा नजर फिरवली, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून बोलतात ना, त्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, फार उशीर केलात."

मग काय! पांढरे डबे आले. सगळे सारखे. झाकणं इतकी घट्ट, की उघडताना माणूस मागे पडावा. आणि नियम एकच: सारख्यात सारखं! मुकुट मुकुटांत, दाढ्या दाढ्यांत, पंजे हातमोज्यांत! म्हटलं, "छकुले, अगं सिंह हा सगळा मिळून एक सिंह असतो! आयाळ एका डब्यात, अंग दुसऱ्यात, पंजे, पाय, शेपूट… पाच डब्यांत सिंह? त्याला काय वाटत असेल?" तर म्हणते, "भाऊजी, हा तुमचा भावनिक गुंता आहे. बघा, खोली कशी दिसतेय!" मी म्हटलं, "खोली दिसतेय गं… सामान कुठे दिसतंय?" पसारा होता, पण सापडत होतं!

आणि दुसऱ्याच दिवशी, अजून डब्यांच्या नव्या प्लॅस्टिकचा वास गेला नव्हता, तर दारात बाई! "नाटक उद्याचं आज झालंय, हॉल आजच मिळतोय, गाडी खाली उभी आहे, सिंह, राजा आणि ससा द्या!" बायको म्हणाली, "छकुली!" छकुली म्हणाली, "ताई, काळजीच नको." आणि खरं सांगतो, राजा आला, ससा आला, सिंहाची आयाळ, अंग, पंजे, पाय, सगळं भराभर आलं. मी मनात म्हटलं, हरलो! आणि शेपटांच्या डब्यात सिंहाचं शेपूट… नाही! माकडाचं आहे, गाढवाचं आहे, खारीचं तर दोन हात लांब झुबकेदार आहे, सिंहाचंच नाही! बाई घड्याळ बघतायत, खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय, छकुली डबे उघडतेय आणि दर झाकणामागे एकदा मागे पडतेय… शेवटी मी खारीचं शेपूट उचललं, सुईदोरा खिशात टाकला आणि बसलो गाडीत.

सिंह झाली होती एक चिमुरडी. पडद्यामागे कोपऱ्यात रडत बसलेली. तालमीतसुद्धा रोज रडून पळायची म्हणे. मी शेपूट शिवत होतो. तिनं मागे वळून बघितलं, हुंदका थांबवून विचारलं, "काका, सिंहाचं असं असतं?" म्हटलं, "फार शूर असेल तर असतं, बाळा."

पडदा वर! सिंह आला. "मी या जंगलाचा राजा!" म्हणून पाठ फिरवली, आणि डोक्याच्याही वर ते झुबकेदार शेपूट डुलायला लागलं! सगळा हॉल असा काही हसला, की मी डोळे मिटून घेतले. संपलं! गेली शाळा, गेला धंदा! पण हळूच एक डोळा उघडून बघतो, तर पोरगी थांबली, गालात हसली, शेपूट मुद्दाम हलवलं आणि दुप्पट जोरानं गरजली! टाळ्या! नाटक संपलं तरी उतरायला तयार नाही, शेवटी सशानं ओढून नेली.

बाई माझ्याकडे आल्या. डोळे पुसत. पहिल्यांदा खरंच कुजबुजल्या हो, "या मुलीला स्टेजवर बोलताना बघायला तिची आई आली होती… ही शेपटाची कल्पना कुणाची?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून टॅक्सी करून आलेली आमची ही! "आमच्या छकुलीची सिस्टिम आहे!" मी सुईदोरा परत खिशात टाकला.

सिंहाचं शेपूट? सापडलं ना! दोऱ्यांच्या डब्यात. "दिसायला दोरीच आहे, भाऊजी." पसारा होता, पण… जाऊ द्या.

आता शाळेनं वर्षभराची नाटकं आम्हालाच दिलीत, आणि छकुली धंद्यात भागीदार झालीय. खोलीच्या दाराशी टेबल टाकून बसते, आत कुणाला सोडत नाही. काल माझा चष्मा सापडेना, तर कळलं, तिनं तो 'म्हातारे, नाटकातले' या डब्यात ठेवलाय. गेलो दाराशी. म्हणते, "परत कधी आणून द्याल?" म्हटलं, "अगं, तो माझा आहे!" मान वर न करता म्हणते, "सगळे तसंच म्हणतात. आपण कोणाच्या ओळखीनं आलात?"

म्हटलं, "आपल्या ताईंच्या."