बिअरसाठी पारखून घेतलेलं भांडं

भांडं निवडावं तर मी! सिंगापूरला तुआसच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो, थट्टा नाही. लग्नानंतर सोडलेली घरची बिअर पुन्हा सुरू करायची ठरवली आणि महिनाभर पारखून विजेचं, चाळीस लिटरचं स्टीलचं भांडं आणलं. भरडलेली बार्ली तासभर एकाच तापमानाला राहणार, तळाला कण लागणार नाही.

बायको म्हणाली, "रोज पंचशील म्हणता. पाचवं दारू सोडायचं आहे ना?"

"अगं, बिअर म्हणजे काय दारू?"

बुद्धपौर्णिमेला ते कोरं भांडं तिनं सेरंगूनला, आमच्या वंदनेच्या हॉलवर, खिरीला नेलं. दरवर्षी करपणारी खीर त्या दिवशी पहिल्यांदाच लागली नाही.

आमच्यातले ज्येष्ठ गायकवाडकाका वाटी घेऊन माझ्यापुढे आले. "दोघांच्या घरात एवढं भांडं कशाला रे?"

बायको म्हणाली, "खिरीसाठीच, काका. महिनाभर शोधत होते."

काकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि पुढच्या खिरींसाठी म्हणून भांडं टॅक्सीत घालून स्वतःच्या फ्लॅटवर नेलं.

तेव्हापासून पाचवं शील मी अगदी काटेकोर पाळतो. भांडं काकांकडेच असतं.