पुढच्या चाकातली हवा

— नाही नाही, तुम्ही हात लावू नका, जावईबापू, पंप मीच आणतो म्हटलं ना, आणलाच बघा. पँट खराब होईल तुमची, तुम्ही आपले त्या पायरीवर बसा सावलीत. पंक्चर? छे! पंक्चर कसलं, मी बघितलं ना — म्हणजे आत्ता बघितलं, तुमच्याबरोबरच, लांबून. लांबूनही कळतं हो मला. ही तुमची शर्यतीची सायकल, बोटाएवढं टायर, ह्यांच्यातली हवा नुसती उभी राहूनही जाते. कुणी शिकवलं मला हे? तुम्हीच. सायकल चालवा नाहीतर भिंतीला टेकवून ठेवा, आठवड्याला हवा भरावीच लागते. आता तुम्ही म्हणाल, मघाशी आलो तेव्हा तर दगडासारखं घट्ट होतं. असेल. ऊन किती आहे! उन्हानं — उन्हानं वाढते, नाही का, हवा? कमी होत नाही? बरं, मग उन्हाचं नसेल. मी काय शास्त्रज्ञ आहे? जन्मभर पोस्टात शिक्के मारले मी.

तर बसा. घाई आहे, माहीत आहे. उद्या पहाटेची गाडी, नवीन गाव, नवीन नोकरी, सामान बांधायचं असेल. आमच्या ठमीची बॅग आणून दिलीत, तिचा चष्मा आणून दिलात, तुमच्या सासूबाईंच्या हातचा चहा घेतलात — ठमीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बघत घेतलात, मला दिसत नाही असं समजू नका — आणि ‘बरंय, निघतो’ म्हणून उठलात. रुसलेल्या बायकोला न भेटता जावई उठला, तर सासऱ्यानं काय करायचं, हे सांगणारं पुस्तक कुठे मिळत नाही. मिळालं असतं तर वाचून आलो असतो. मी आपला पंप घेऊन आलो.

हं. आधी हे व्हॉल्व्हचं टोपण काढायचं. टोपण... नाहीच आहे. पडलं असेल रस्त्यात कुठेतरी. — खिशात? खिशात कशाला असेल, मी रुमाल शोधतोय, घाम किती आलाय बघा. मग हा बारका पितळी नट सैल करायचा. हा तर सैलच आहे! बघा, सापडलं कारण. तुम्ही सकाळी निघताना आवळायला विसरलात. असू द्या, चुकतो माणूस. भलेभले चुकतात. मग एक टिचकी मारायची, आतली कळ मोकळी झाली पाहिजे, आणि मग पंपाचं तोंड बसवायचं — सरळ! वाकडं बसवलं की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत? हा पंप तुम्ही माझ्या सायकलसाठी आणून दिलात तेव्हा मी काय म्हणालो होतो? हवा भरायला कसली हो शिकवणी! आणि तुमची पाठ वळते न वळते तोच व्हॉल्व्हची ती आतली काडी तुटून माझ्या हातात. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मग ट्यूब बदललीत, पुन्हा बसवलं, तर मी पंपाचं तोंड आवळणारा खटकाच वर केला नाही. पंप मारतोय, मारतोय, घोड्यासारखा फुरफुरतोय, काटा जागचा हलेना. आणि ठमी ह्याच खिडकीत उभी राहून पोट धरधरून हसत होती. ‘बाबा, अख्ख्या गल्लीला वारा घालताय का?’ मग तुम्ही दोघांनी मला शिकवलं. तिनं खटका धरायचा, तुम्ही काटा वाचायचा, आणि मी मधे वर-खाली, वर-खाली.

हळू बोलू? का? — अरे हो. खिडकीखालीच आहोत आपण. खिडकी बंद आहे, पण तिचे कान... बरं, हळू बोलतो.

पाय पंपाच्या दोन्ही पट्ट्यांवर. पाठ ताठ. दंडाचं काम नाही हे, अंगाचा भार टाकायचा — असा — असा — हुश्श. काटा काय म्हणतोय? काहीच नाही? चढेल, चढेल, धीर धरा. असा... काय? खटका? अरेच्चा. खटका राहिलाच. नाही हो, मुद्दाम कशाला करीन! वेळ काढायला? मी? तुमचा काहीतरीच संशय. वय झालंय, विसरलो. हा घ्या, केला वर. आता बघा कसा चढतो. आकडा सांगा मला, माझा चष्मा आत आहे. आमच्या घरात चष्मे विसरायची साथच आली आहे म्हणा ना — मी निदान दुसऱ्या खोलीत विसरतो, तुमच्या बायकोनं दुसऱ्या घरी विसरला. रागाच्या भरात आली तशी रिकाम्या हातानं, आणि आल्यापासून डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघतेय आणि म्हणतेय, ‘बाबा, आता मला सगळं स्पष्ट दिसतंय.’ कसलं स्पष्ट? परवा मीठ समजून साखर घातली तिनं भाजीत. तिची आई मुकाट्यानं जेवली. मीही जेवलो.

पण चुकलंच हं तुमचं. मी तुमच्या बाजूचा आहे म्हणून सांगतो, चुकलंच. परगावची नोकरी, होकार देऊन मोकळे झालात आणि मग घरी येऊन तिला बातमी सांगितलीत! बातमी काय, शेजारच्यालाही सांगतात. तिला विचारायला हवं होतं. विचारलं असतंत तर ती नाही म्हणाली असती, दोन दिवस भांडली असती, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याआधी तिची बॅग भरून तयार असती. लेक माझी आहे, मी ओळखतो तिला. — कळतंय तुम्हाला? कळतंय तर मग ते माझ्या पंपाला काय सांगताय, तिला सांगा की! दार वाजवलंत? वाजवलंत, होय. आणि तिनं ‘डोकं दुखतंय’ म्हटलं. आणि तुम्ही लगेच मानलंत. भले!

किती झाला? अजून थोडा. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा म्हणजे शेवटची हद्द, तिथवर जायचं नसतं, आपल्या वजनाप्रमाणे अलीकडेच थांबायचं — तुमचेच शब्द. माझं वजन विचारलं होतंत तेव्हा मी जरा कमी सांगितलं होतं. म्हणून तर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब चिमटली माझी. आणि तुम्ही बिचारे म्हणालात, ‘बाबा, रस्ताच खराब आहे.’ फार सांभाळून घेता हो तुम्ही. त्या पाण्याच्या टाकीच्या चढावर दर रविवारी मागे थांबून बुटाची नाडी बांधता — तुमच्या बुटाला नाडीच नाही! चिकटपट्टी आहे! वर्षभर मला कळलं नाही असं वाटलं तुम्हाला? मी दम खाईपर्यंत तुम्ही ती नसलेली नाडी बांधत बसता. मुलगा असता तर त्यानं बांधली असती की नाही, शंका आहे. आणि खरं सांगू? सांगू नये, पण सांगतो. ठमी त्या दिवशी रडत रडत दारात उभी राहिली, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता माझ्या रविवारचं काय होणार! लेक रडतेय, आणि बाप चढाचा विचार करतोय. शाबास रे बापा.

झालं, बास. खटका खाली, आणि तोंड सरळ ओढायचं, हलवाहलवी नाही — फिस्! दचकू नका, ही नळीतली हवा. सगळे फसतात इथे, वाटतं केलेली मेहनत गेली. चाकातली काही जात नाही. चाकातली हवा जाते ना, तिचा आवाजच वेगळा, लांबलचक, फुस्स्स करून, संपता संपत नाही, मघाशी तर मला वाटलं आता तुमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून धावत येतात की काय —

काय?

मघाशी म्हणजे... मघाशी. कधीतरी. असं बघू नका माझ्याकडे.

बरं. हे घ्या टोपण. रुमालात नव्हतं, खिशातच होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हिनं लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं होतं. हो, सोडली. मीच सोडली तुमच्या चाकातली हवा. तुम्ही आत चहाला बसलात, ‘फाटक लावून येतो’ म्हणून मी बाहेर आलो आणि चोरासारखा इथे बसलो — पोस्टातला निवृत्त माणूस, नातवंडं खेळवायच्या वयात जावयाच्या सायकलीची हवा सोडतोय! म्हटलं, हवा नसली तर जरा थांबेल. थांबला तर ही पोरगी तेवढ्यात दार उघडेल. एवढंच होतं डोक्यात. पुढचं झालं, मागच्याला हात घालणार तेवढ्यात हिनं आतून हाक मारली, साखर किती घालू जावयांच्या चहात, आणि मी धूम ठोकली. आणि काय उपयोग झाला? दार बंद ते बंदच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. रागावलात? रागवा. तुमच्या जागी मी असतो तर मीही... नसतो रागावलो, पण तुम्ही रागवा.

जा आता. भरली हवा. सासरा आहे मी, फौजदार नाही, किती अडवून ठेवणार? पोचलात की फोन करा, तिला नाही तर निदान मला. आणि हे मागचं चाक एकदा दाबून बघतो, तेवढं आपलं रीत म्हणून. मागे भार जास्त, हवा जरा जास्त हवी, हेही तुमचंच. हे तर घट्टच असणार, ह्याला मी —

अहो.

अहो, हे तर पार बसलंय! रिमवर उभं आहे! हे मी नाही हं! देवाशपथ सांगतो, पुढचं माझं, मागचं मी नाही केलं! नट सैल. टोपण नाही. माझ्याजवळ एकच होतं, हे बघा, खिसे उलटे करून दाखवतो, एकच —

थांबा. ही खिडकी मघाशी बंद होती ना? घट्ट बंद होती. आणि आतल्या बाजूला, जाळीमागे, चौकटीवर ते काळं काय आहे? मला चष्म्याशिवाय... टोपणच ना?

टोपणच.

आणि तुम्ही हसताय. मघापासून समोर बसलात, तुम्हाला दिसलं होतं मागचं चाक? दिसलं होतं! आणि अवाक्षर बोलला नाहीत! मला एकट्याला घाम गाळायला लावलात, उचलून सायकल खांद्यावर टाकून गेला असतात तरी चाललं असतं, आणि बसून राहिलात तिथे त्या नसलेल्या नाड्या बांधत! धन्य आहे तुमची. आणि तिची तर काय — तिच्या खोलीच्या मागच्या दारानं आली असणार, आम्ही चहा ढवळत होतो तेव्हा. डोकं दुखतंय म्हणे! चष्म्याशिवाय एवढासा नट बरा दिसला. खाण तशी माती.

उठा आता. पंप राहू द्या, त्याला हात लावू नका. पुढून नको, सासूबाई पकडतील आणि परत चहा पाजतील. असे मागून जा, कडी काढलेलीच असेल. आणि आत जाऊन बातम्या सांगू नका, विचारा. जा हो! मागे वळून बघू नका. मी? मी आवरतो इथलं.

हा लांबलचक आवाज? काही नाही, काही नाही, जा तुम्ही — नळीतली हवा आहे ती.