देवापुढची रॅम

चहा पाजा, काहीही करा, पण रॅमचं नाव माझ्यासमोर काढू नका! परवा घरच्या कॉम्प्युटरला नवीन रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, आणली. आणली तशी देवापुढं ठेवली, आमच्याकडं कुठल्याही नव्या वस्तूची तीच पद्धत. दुपारी स्वतः बसवली, बटण दाबलं, तर स्क्रीन काळी आणि नुसतं टूं टूं टूं. आणि मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायची ती शेवटची तारीख!

माझं डोकंच फिरलं. अख्खा सीपीयू उचलला आणि गंगापूर रोडला दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आदळला.

"खराब माल गळ्यात मारता?"

"साहेब, नीट बसवलीये ना?"

"मला शिकवता? इंजिनिअर आहे मी!"

गिऱ्हाईकं बघायला लागली, तसा माझा आवाज आणखी चढला. दुकानदारानं रॅम काढली आणि माझ्या नाकापुढं धरली. खाचेत बसते ना ती सोनेरी कड, तिच्यावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं! त्यानं खोडरबरानं कड पुसली, रॅम परत बसवली, कॉम्प्युटर सुरू.

घरी आलो तो आईवरच उखडलो. "अगं, कुंकू लावायला तुला तीच जागा सापडली?"

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? सोन्यासारखं दिसलं, तिथं लावलं. बसवणारा तर इंजिनिअर होता ना? त्याला एवढं लालभडक कुंकू दिसलं नाही?"