तळ्याकडचा रस्ता

हाडांच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या, ताटकळत राहिलेल्या शांततेत सासू-सून माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. सासूचं सुजलेलं मनगट तिच्या मांडीवर होतं आणि राग दोघींच्याही आवाजात.

“बेडकांपायी हात मोडून घेतलात, आई! लोकांना सांगू तरी काय?”

“बागेतून तळ्याकडे निघालेले बेडूक गाड्यांखाली चिरडले जातात, म्हणून आम्ही गल्लीतली माणसं त्यांना बादलीतून पलीकडे नेऊन सोडतो, हे सांग. त्यात लाजायचं काय?”

“ह्यांनी बजावलंय, आजपासून तुमचं जाणं बंद.”

“त्याला म्हणावं, तुला रस्ता ओलांडायला मीच शिकवलंय. आता मला अडवू नकोस.”

“आणि पुन्हा घसरलात तर?”

“तर दुसरा हात घेऊन इथेच येईन. दवाखाना आता ओळखीचा झालाय.”

“एवढं करून ते बेडूक काय तुमचे आभार मानणार आहेत?”

“तुम्ही तरी कधी मानलेत?”

दार उघडून दवाखान्यातला मदतनीस डोकावला.

“प्लास्टर कोणाला घालायचंय?”

“मला. आणि हे बघा दादा, बोटं मोकळी सोडा. संध्याकाळी बादली धरायची आहे.”